खडू लावलेला टेप

महिनाअखेरीला मी टेपला खडू फासते.
वीतभर नाही, चांगला दहा फूट.
टोकाला शिशाचा गोळा, आणि सोडते विहिरीत.
गोळा टेकला की टप्प असा आवाज येतो,
उन्हाळ्यात उशिरा येतो.
मग वर ओढून बघायचं, खडू कुठवर काळवंडला.
एवढंच शास्त्र. बाकी वही.

आटपाडीच्या पूर्वेला, जिथं माणगंगा
आठ महिने नुसती पुलाच्या पाटीवर असते,
तिथं आमचं गाव. सत्तावीस विहिरी.
आबा तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवायचे.
नारळ उभा राहिला की लोक पाया पडायचे.
माझ्याकडं नारळ नाही, पाया कुणी पडत नाही,
पोरं ओरडतात, टेपवाली आत्या आली.

वर काळी माती दीड हात, मग मुरूम,
मग मांजऱ्या, किडक्या दातासारखा पोकळ,
त्या पोकळीत सगळ्या गावाचं पाणी.
खाली काळा पाषाण. तो कुणाचा नाही.
बांध वरच असतात.
मोजणीवाल्याची साखळी मांजऱ्यापर्यंत पोचत नाही.

दसऱ्यानंतर शाळेच्या भिंतीवर हिशोब मांडतो आम्ही:
पडला किती, ओढ्यानं नेला किती,
माणसं, शेरडं, कोंबड्या पिणार किती,
उरल्यात शाळू किती, हरभरा किती, डाळिंब किती.
उसाच्या रकान्यात भोपळा.
आणि खाली लाल रंगात, नवीन बोअर नाही.
त्याखाली सह्या.
तिसरी माझ्या भावाची, सिद्धूची, वेलांटी विसरलेली.

फाल्गुनात एका रात्री तमिळ नंबरची गाडी आली.
मी आवाज ऐकला. गावानं ऐकला.
पहाटेपर्यंत भांडी फळीवर थरथरत होती.
सकाळी सिद्धूच्या रानात पांढरी धूळ,
शेळ्यांच्या पाठीवर, बाभळीवर, त्याच्या भुवयांवर.
पाचशे दहा फूट. दोन इंच पाणी.
वहिनीनं पेढे वाटले, मलाही दिला.
मी खाल्ला. गोड होता.

जैतूनबी मुलाणींची विहीर तिथून शंभर पावलं.
त्या महिन्यात दर साली दोन-तीन फूट उतरते.
फेब्रुवारीत एकतीस होती.
मार्चअखेर एकोणचाळीस.
मी टेप पुसला, पुन्हा खडू फासला, पुन्हा सोडला.
जैतूनबी कठड्यावर बसलेल्या,
ओच्यात डाळिंबाची गळलेली फुलं.
"टेपाला काय झालंय का गं?"
"टेपाला काय न्हाय."
"मग हाय तसं लिही. भाऊ हाय म्हणून
फूटभर इकडं तिकडं केलंस,
तर म्होरल्या साली मी कुणाला इचारू?"

एकोणचाळीस लिहिलं.
नऊच्या शेपटीत पेन थोडा वेळ अडकलं.

सभेत मी नुसते आकडे वाचले. नावं नाहीत.
सिद्धू मागं, भिंतीला टेकून,
त्याची सही त्याच्या डोक्यावर.
कुणी वळून बघितलं नाही,
ते बघण्यापेक्षा वाईट असतं.

वहिनी आता साखर मागायला येत नाही.
जैतूनबींची अर्धी बाग वाळली,
उरल्या अर्ध्याला सिद्धूच्या बोअरचं पाणी जातं,
एक दिवसाआड, रात्री,
पाइप कुणी टाकला ते दोघंही सांगत नाहीत.
एप्रिलअखेर बेचाळीस.

मेच्या शेवटच्या दिवशी सिद्धू विहिरीवर आला.
"माझ्यातबी सोड की."
मोटर बंद केली, केसिंगचं झाकण काढलं.
आतून गार, गेरूचा वास.
टेप जात राहिला. खडू केव्हाच आत गेला,
पन्नास, सत्तर, नव्वद,
मग माझ्या हातात नुसती कडी उरली.
"अजून सोड."
"शंभरच फुटाचाय, सिद्धू."

आम्ही दोघं केसिंगला कान लावून बसलो,
डोक्याला डोकं लागेल इतकं जवळ,
टप्प येतं का बघत.